उपासानं आयुष्य वाढतं का? मुलुंडहून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मुलुंडला राहता, वय ४६, नोकरी नरिमन पॉइंटला. वर्षभरापासून रात्रीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही खात नाही, म्हणजे सोळा तासांचा उपास. वजन ८१ वरून ७५ वर आलं, पोट उतरलं. आता तुमच्या वाचनात आलं की रोजचं खाणं पाव हिश्शानं कमी केलं तर म्हातारपण लांबतं, आयुष्य वाढतं आणि उपासात पेशी स्वतःची साफसफाई करतात. म्हणून खाणं आणखी कमी करावं का, आणि ७२ वर्षांच्या आईंनाही हेच सुरू करून द्यावं का, असं विचारलं आहे. आई संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार पूर्वीपासून करतात. त्यांचं वजन ४६ किलो आहे, बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत.

दोघांसाठी उत्तर वेगळं आहे. तुम्ही जे कमावलं आहे ते टिकवा, खाणं आणखी कमी करू नका. आईंच्या ताटात मात्र भर घाला. मी फिजिशियन आहे, दादरला माझा दवाखाना आहे आणि माझ्याकडे साठीपुढचे रुग्ण जास्त येतात. हा विषय रोज निघतो, आणि बऱ्याचदा काहीतरी बिनसल्यावर निघतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कमी खाण्याचा आणि आयुष्याचा संबंध प्रयोगात पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो १९३५ साली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांना दूध सुटल्यापासूनच मोजून मापून कमी खायला दिलं. जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे ठेवले, कमी केल्या त्या फक्त कॅलरी. पिल्लं खुरटी राहिली, पण त्यांतली बरीच पोटभर खाणाऱ्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त जगली. पुढे यीस्ट, कृमी, माश्या, उंदीर अशा अनेक जिवांत हाच कल दिसला, त्यामुळे मूळ निरीक्षणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शंका आहे ती ते माणसाला किती लागू पडतं याबद्दल.

माणसाच्या जवळचा प्राणी म्हणजे माकड. ऱ्हीसस माकडांवर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. एक सरकारी वार्धक्य संशोधन संस्थेत १९८७ साली सुरू झाला आणि दुसरा विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८९ साली. दोन्हीकडे काही माकडांचं खाणं सुमारे ३० टक्क्यांनी कमी केलं. २००९ साली विस्कॉन्सिननं जाहीर केलं की कमी खाणारी माकडं म्हातारपणाच्या आजारांनी कमी मरतात. २०१२ साली सरकारी संस्थेनं जाहीर केलं की आमच्याकडे आयुष्यात फरक दिसला नाही. एकाच जातीचं माकड, एकच कल्पना आणि निकाल उलटे.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या विसंगतीतच आहे. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात २८ टक्क्यांच्या आसपास साखर होती आणि तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांना हवं तेवढं खायची मुभा होती. दुसऱ्या संस्थेच्या खाद्यात साखर जेमतेम चार टक्के, धान्य आणि इतर नैसर्गिक घटक जास्त, आणि तुलनेच्या माकडांनाही बेतानंच वाढलं जायचं. म्हणजे एका ठिकाणी गोड आणि भरमसाट खाणाऱ्याचं खाणं कमी केलं तेव्हा मोठा फायदा दिसला. दुसऱ्या ठिकाणी आधीच बेतानं, बऱ्यापैकी चांगलं खाणाऱ्याचं आणखी कमी केलं तेव्हा आयुष्यात भर पडली नाही. पुढे दोन्ही गटांनी आपली आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा असंही दिसलं की कोणत्या वयात सुरुवात केली यावर बरंच अवलंबून आहे. लहान वयातच खाणं कमी केलेल्या माकडांना तसा लाभ झाला नाही.

तुमचं वजन ८१ होतं, पोट सुटलेलं होतं, तेव्हा तुम्ही पहिल्या माकडांच्या जागी होतात. आता दुसऱ्यांच्या जवळ येऊ लागला आहात. पहिल्या सहा किलोंनी जे दिलं, ते पुढचे सहा किलो देतीलच असं धरून चालू नका.

माणसांवरचा सगळ्यात काटेकोर प्रयोग अमेरिकेतला, त्याचं नाव 'कॅलरी' (CALERIE). लठ्ठ नसलेल्या २१८ निरोगी तरुण आणि मध्यमवयीन लोकांपैकी काहींना दोन वर्षं २५ टक्के कमी खायला सांगितलं. आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि तपासण्या हाताशी होत्या. एवढं सगळं असूनही लोकांना प्रत्यक्षात जमलं ते सुमारे १२ टक्के. हा आकडा मी रुग्णांना आवर्जून सांगते, कारण २५ टक्के जमत नाही म्हणून स्वतःला दोष देणारे बरेच भेटतात. रोज दोन हजार कॅलरी खाणाऱ्याचे १२ टक्के म्हणजे २४० कॅलरी, जवळपास एक वडापाव.

एवढ्या कपातीनंही फायदा झाला. वजन सरासरी दहा टक्क्यांनी उतरलं, रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं, इन्सुलिनचं काम सुधारलं. येल विद्यापीठातल्या विश्वदीप दीक्षित यांच्या गटानं २०२२ साली याच लोकांच्या तपासण्यांतून दाखवलं की रोगप्रतिकारक पेशी घडवणाऱ्या थायमस ग्रंथीतली चरबी कमी झाली आणि तिचं काम सुधारलं. २०२३ साली रक्तातल्या डीएनएवरच्या खुणा मोजून म्हातारं होण्याचा वेग दोन ते तीन टक्क्यांनी मंदावल्याचं एका मापात दिसलं. वय मोजायच्या इतर दोन मापांत मात्र फरक आला नाही. आणि जी बाजू सहसा कोणी सांगत नाही ती अशी, की खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता घटली आणि उतरलेल्या वजनात चरबीखेरीजचा वाटा जवळपास तीस टक्के होता.

यातून आयुष्य वाढलं का, हे दोन वर्षांत कळू शकत नाही. त्यासाठी हजारो माणसं जन्मभर मोजून खाताना तपासावी लागतील, आणि तसा प्रयोग झालेला नाही. म्हणून 'उपासानं आयुष्य वीस वर्षांनी वाढतं' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते माणसांवर सिद्ध झालेलं नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. मध्यमवयात मधुमेह, हृदयविकार आणि यकृतावरची चरबी टळली तर त्यातून निरोगी वर्षं वाढतात. माझ्या मते हाच लाभ पुरेसा मोठा आहे.

आता पेशींच्या साफसफाईबद्दल. यात तथ्य आहे. पेशीत एमटॉर नावाचं प्रथिन असतं, ते अन्नाची आवक पाहून पेशीला वाढायचं की थांबायचं ते कळवतं. आवक घटली की वाढीचं काम मंदावतं आणि पेशी स्वतःचेच मोडकेतोडके भाग विरघळवून पुन्हा वापरायला घेते. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टला उपाशी ठेवून ही क्रिया उलगडली, त्यांना २०१६ साली नोबेल मिळालं. एमटॉर हे नाव ज्यावरून पडलं ते रॅपामायसिन हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून वेगळं करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल आपल्याकडचे, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. २००९ साली म्हाताऱ्या उंदरांना हे औषध दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं. पण हेच औषध किडनी बदलल्यावर शरीरानं ती झिडकारू नये म्हणून, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायला वापरतात. वाढीला लगाम घातला की काही मिळतं आणि काही जातं, हे या एका औषधातही दिसतं.

'सोळा तास झाले की ऑटोफॅजी सुरू होते' हे वाक्य तुम्हाला रोज मोबाइलवर येत असेल. तुमच्या शरीरात ती कधी आणि किती सुरू झाली हे मोजणारी तपासणी मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये मिळत नाही. ही क्रिया शरीरात कमीअधिक प्रमाणात सतत चालूच असते, व्यायामानंही वाढते. घड्याळाकडे पाहत पंधराव्या तासाला जीव कासावीस करून घेण्याचं कारण नाही.

मग सोळा तासांच्या उपासाचं स्वतःचं म्हणून काय? २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ल्या, उरलेल्यांनी दिवसभरात कधीही. पहिल्या गटाचं वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं सव्वासहा किलोंनी, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. त्याआधी २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत खायला सांगितलं, किती खायचं ते सांगितलं नाही. तीन महिन्यांत वजनात सांगण्याजोगा फरक पडला नाही, आणि जे थोडं उतरलं त्यात स्नायूंचा वाटा अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला.

तुमचं वजन उतरलं ते दिवसभराचं एकूण खाणं कमी झाल्यामुळे. सकाळचा नाश्ता गेला, अकराच्या सुमाराचा ऑफिसच्या कॅन्टीनमधला समोसा गेला, दोन गोड चहा गेले. वेळेची चौकट हे शिस्त लावायचं साधन आहे आणि ते तुम्हाला मानवलं आहे. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेली 'दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवा' ही पद्धत अनेकांना लाभली, त्यामागेही हेच मोठं कारण आहे असं मला वाटतं. मधल्या वेळचं बिस्किट, फरसाण, चहाची साखर एका नियमानं बंद होते. ज्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाऊन तेच साधतं, त्यानं तसं करावं.

वेळेचं महत्त्व शून्य आहे असंही नाही. डॅलसमधल्या जोसेफ ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेनं २०२२ साली उंदरांचं खाणं ३० टक्क्यांनी कमी केलं. ते चोवीस तासांत विखरून दिलं तेव्हा आयुष्य दहा टक्क्यांनी वाढलं, आणि उंदरांच्या जागं राहण्याच्या वेळेत, म्हणजे रात्री दिलं तेव्हा सुमारे पस्तीस टक्क्यांनी. माणूस दिवसा जागा असतो. त्यामुळे आपण उपासाचे तास सकाळी काढतो आणि जेवण रात्री साडेदहाला करतो, हे मला पटत नाही.

मुंबईत याची अडचण काय ते मी जाणते. सव्वासातची फास्ट लोकल पकडून तुम्ही साडेआठला मुलुंडला उतरता, घरी पोचून अंघोळ होईपर्यंत नऊ वाजतात, मुलांचा अभ्यास बघून ताट समोर येतं तेव्हा दहा. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस त्या वेळी चार पोळ्या, भात आणि वर काहीतरी गोड खातो आणि अकराला आडवा होतो. शुगर दिवसा छान आणि सकाळी उपाशीपोटी वाढलेली, असे रिपोर्ट घेऊन येणारे बहुतेक जण हेच करत असतात. डब्यात संध्याकाळचं जेवण घेऊन ऑफिसातच साडेसहाला जेवणारे काही रुग्ण माझ्याकडे आहेत. भाजी-पोळी आणि उसळ तिथे खातात, घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसून फक्त ताक किंवा सूप घेतात. त्यांच्या घरच्यांना सुरुवातीला हे रुचलं नाही, एकत्र जेवण मोडतं म्हणून, आणि तो आक्षेप मला खरा वाटतो. पण आठवड्यातले चार दिवस जरी जमलं तरी सकाळच्या शुगरमध्ये फरक दिसतो. मुंबईतल्या जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवण्याचा चौविहार कित्येक पिढ्या पाळला जातो, त्यामुळे हे इथे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये.

आता आपल्या शरीराबद्दल. माझ्या मते आपल्या लोकांनी कमी खाण्याचा विचार याच बाजूनं सुरू करायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे असूनही आपल्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही गोष्ट त्या एका पानानं जगापुढे ठेवली. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. अशा माणसानं नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर आधीच तुटपुंजे असलेले स्नायूही जातात. काटा खाली येतो, लोक 'बारीक झालास' म्हणतात, आणि जेवणानंतरची साखर साठवून घेणारा शरीरातला सगळ्यात मोठा अवयव, म्हणजे हेच स्नायू, मात्र आक्रसतो.

दुसरी गोष्ट जंतूंची. प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात राहतो. त्याला न्युमोनिया होत नाही, तो पाय घसरून पडत नाही. खाणं कमी केलेल्या उंदरांना मुद्दाम फ्लूचा संसर्ग दिला तेव्हा पोटभर खाणाऱ्यांपेक्षा ते जास्त मेले. आपण सकाळी लोकलच्या गच्च भरलेल्या डब्यात तासभर एकमेकांचा श्वास घेत उभे असतो, आणि या शहरात टीबी घरोघरी माहीत असलेला आजार आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरातल्या माणसांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वं-क्षारांच्या गोळ्या पुरवून एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. एवढ्या पूरक पोषणानं घरातल्या इतरांमधलं टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. ज्या देशात अन्न हेच टीबीवरचं एक औषध ठरतं, तिथे 'कमी खा, जास्त जगा' हा संदेश सरसकट देता येत नाही.

२०२४ साली अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरी या संशोधन संस्थेनं ९६० उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही याच बाजूचा आहे. प्रत्येक उंदराची आनुवंशिक घडण वेगळी होती, माणसांची असते तशी. ४० टक्के कमी खाणारे सरासरीनं सर्वांत जास्त जगले हे खरं. पण त्या गटातही जे उंदीर सगळ्यांत जास्त वजन गमावून बसले ते लवकर मेले, आणि उपासातही ज्यांचं वजन टिकलं ते दीर्घायुषी ठरले. आयुष्यावर खाण्यापेक्षा आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा होता. त्यामुळे शेजाऱ्याला मानवलेला उपास आपल्याला मानवेलच असं नाही.

आपल्या पारंपरिक उपासांबद्दल मला आदर आहे. महिन्यातून एकदोन दिवस पोटाला विश्रांती देणं, जिभेवर ताबा ठेवणं, देवाची आठवण ठेवणं यात वाईट काही नाही, आणि श्रद्धेनं केलेला उपास मी कोणालाही सोडायला सांगत नाही. पण त्या दिवशी पानात काय असतं ते पाहू. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी घ्या. मूठभर म्हणता म्हणता ७५ ग्रॅम साबुदाणा भिजतो, त्यात निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास नाहीतच. पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट, एक लहान बटाटा, तीन चमचे तूप. घरगुती अंदाजानं सहाशे कॅलरी झाल्या, तीन फुलके, भाजी आणि वाटीभर आमटी यांच्यापेक्षा जास्त. संध्याकाळी बटाट्याचा कीस, केळ्याचे वेफर्स आणि दोन वेळा बासुंदीसारखा चहा. 'एकादशी दुप्पट खाशी' असं आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवलंच आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या साखरेच्या वहीत एकादशीची तारीख मला न विचारता ओळखता येते.

हाच दिवस वेगळा घालवता येतो. वरीचा भात थोडा, शेंगदाण्याची आमटी जास्त. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, भोपळ्याचं भरीत, उकडलेलं रताळं, एक पेला दूध. पचायला हलकं आणि उपासाच्या सगळ्या नियमांत बसणारं. ज्यांची तब्येत धडधाकट आहे त्यांनी नुसतं ताक आणि फळांवर दिवस काढला तरी हरकत नाही.

आता आईंचं. साठीनंतर शरीराचं गणित बदलतं. दर वर्षी थोडे स्नायू जातात, खाल्लेल्या प्रथिनांपासून नवे स्नायू बनवण्याची क्षमता मंदावते, भूक आपोआप कमी होते. या वयात ज्यांचं वजन मुद्दाम न उतरवता घटत जातं त्यांची मला जास्त काळजी वाटते. दवाखान्यात मी प्रत्येक वयस्कर रुग्णाला एक साधी गोष्ट करायला सांगते. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायचं. मागे एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या, घरच्यांनी कौतुकानं सांगितलं की आई आता एकभुक्त राहते, शुगर सुद्धा कमी झाली आहे. पहिल्यांदा त्या उठल्या, दुसऱ्यांदा गुडघ्यांवर तळवे टेकले, तिसऱ्यांदा कंबर खुर्चीवरून सुटेना. दंडाभोवती माझी बोटं सहज मिळाली. शुगर कमी झाली होती ती खाणंच उरलं नव्हतं म्हणून. अशी व्यक्ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं वर्ष कसं जातं, ते मी फार वेळा पाहिलं आहे. त्यांना आम्ही दिवसातून तीन वेळा जेवायला लावलं, प्रत्येक वेळी प्रथिनाचा एक पदार्थ ठेवला आणि खुर्चीतून उठबस हाच व्यायाम दिला. काही महिन्यांत त्या जिना न थांबता चढू लागल्या.

तुमच्या आईंचं वजन ४६ किलो आहे, तर त्यांना रोज किमान ४६ ग्रॅम, शक्य झाल्यास ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, वाटीभर दह्यात चार-पाच, एका अंड्यात सहा, तीन पोळ्यांत नऊच्या आसपास. मासे खात असतील तर बांगड्याच्या शंभर ग्रॅम तुकड्यांत एकोणीस-वीस. बेरीज करून पाहा, आपल्या बहुतेक आज्या तीस ग्रॅमच्या पुढे जात नाहीत, कारण वाढताना डाळ इतरांच्या पानात जाते आणि त्यांच्या पानात पातळ आमटी उरते. सोळा तासांचा उपास त्यांना अजिबात नको. रात्रीचं आठचं जेवण आणि सकाळी आठचा नाश्ता, एवढं बारा तासांचं अंतर पुरे.

तुमच्यासाठी सांगायचं तर वजन ७५ वर आहे, ते तिथे किंवा एखाद-दोन किलो खाली स्थिर राहू द्या. आता काट्यापेक्षा कमरेचा घेर मोजा, बेंबीच्या पातळीवर, नव्वद सेंटिमीटरच्या आत हवा. आठवड्यातून किमान दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा. जिम नको असेल तर घरी जोर-बैठका आणि पाण्यानं भरलेल्या बाटल्याही चालतील. सोळा तासांची चौकट सोयीची वाटत असेल तर ठेवा, पण ती पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढा, म्हणजे रात्रीचं जेवण लवकर. दुपारी पहिल्यांदा खाता तेव्हा नुसते पोहे खाऊ नका, सोबत अंडी, मोड आलेली मटकी किंवा पनीर असू द्या. घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलं तुमचं पाहून नाश्ता टाळत असतील तर त्यांना थांबवा. वाढीच्या वयात, गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि ज्यांना पूर्वी खाण्याचा मानसिक आजार झाला आहे त्यांना उपासाचे प्रयोग नकोत.

शेवटी औषधांचं, आणि यात ढिलाई नको. आईंच्या शुगरच्या गोळ्यांची पाकिटं काढून नावं वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर उपासात साखर धोकादायक पातळीवर उतरायची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी नेहमीचा डोस घेणं जिवावर बेतू शकतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लांब उपासात साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं; मळमळ, पोटदुखी आणि धाप ही त्याची लक्षणं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर मुंबईच्या उकाड्यात निर्जळी उपासानं चक्कर येते. ही यादी तुमच्या डॉक्टरांना दाखवून संकष्टीच्या आणि एकादशीच्या दिवशीचा डोस त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनानं गोळी बंदही करू नका आणि अर्धीही करू नका. संकष्टीला चंद्रोदय कधी कधी रात्री दहाच्या आसपास जातो, तेव्हा दिवसभरात दूध, फळ, शेंगदाणे यांपैकी काही ना काही दर तीन-चार तासांनी पोटात जायला हवं.

उपासाच्या दिवशी त्यांना दरदरून घाम आला, हात कापू लागले, बोलणं असंबद्ध वाटलं तर ग्लुकोमीटरवर साखर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. साखर उपासाला चालते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी नको म्हणणार नाहीत. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नसेल तर पुन्हा द्या आणि मग काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा.